'मतविभागणी' : एका शब्दाची चिकित्सा
(सातारा व सांगली येथील निवडणुकांच्या आधारे)

निवडणुकीचा निकाल लागला की त्याची मीमांसा सुरू होते, आणि मराठीतील ही मीमांसा बहुधा एकाच शब्दापाशी येऊन थांबते. तो शब्द म्हणजे 'मतविभागणी' होय. पराभूत पक्ष तो सांत्वनासाठी वापरतो, विजयी पक्षाचे विरोधक आरोपासाठी वापरतात आणि वृत्तपत्रीय समीक्षक स्पष्टीकरणासाठी वापरतात. 'विभागणी' ह्या पदाला अंकगणिताचा वास असल्यामुळे हे स्पष्टीकरण शास्त्रीय असल्याचा भास होतो. वस्तुतः ह्या एका शब्दाखाली परस्परांहून अगदी भिन्न असे प्रकार दडपले जातात; आणि त्यांत सर्वाधिक झाकला जातो तो मतदाराचा स्वतःचा विचार. सातारा व सांगली ह्या शेजारच्या दोन लोकसभा मतदारसंघांतील २०१९ ते २०२४ ह्या काळातील निकाल, आणि त्यांतही २०१९ ची साताऱ्याची पोटनिवडणूक, हे ह्या दृष्टीने फार उद्बोधक आहेत.

प्रथम शब्दव्यवहार पाहू. निवडणुकीविषयी मराठीत जी क्रियापदे रूढ आहेत त्यांचे दोन गट पडतात. पहिल्या गटात 'मत' हा शब्द केंद्रस्थानी असतो : मते फुटतात, मते वळतात, मते कुजतात, कोणी मते फोडतो, कोणी ती वळवतो, कोणी ती खातो. ह्यांतील अकर्मक क्रियापदांचा कर्ता स्वतः मत हाच असतो, आणि सकर्मक क्रियापदांचा कर्ता नेहमी पुढारी, पक्ष किंवा तिसरा उमेदवार असतो. 'मी माझे मत फोडले' किंवा 'मी माझे मत वळवले' असे कोणी मतदार म्हणत नाही. ह्या गटात मतदार कर्तेपदी येतो तो केवळ एकाच ठिकाणी : 'मत वाया घालवू नका' ह्या उपदेशात. म्हणजे ही भाषा मतदाराला कर्तृत्व देते ते फक्त नासाडीचे.

दुसऱ्या गटात उमेदवार हा केंद्रस्थानी असतो. उमेदवार निवडून येतो, त्याला निवडून आणतात. उमेदवार पडतो, त्याला पाडतात. मरणे–मारणे, तरणे–तारणे ह्या जोड्यांप्रमाणेच पडणे–पाडणे ही जोडी आहे. मूळ स्वर दीर्घ झाला की क्रियेला कर्ता मिळतो. आणि हा कर्ता पुढारीच असला पाहिजे असे नाही. 'यंदा ह्याला पाडायचाच' हे वाक्य कृष्णाकाठच्या कोणत्याही गावच्या पारावर ऐकू येते, आणि ते म्हणणारा साधा मतदार असतो. ह्या दोन गटांतील भेद केवळ शैलीचा नाही. पहिल्या गटाची भाषा ही निवडणूक लढविणाऱ्यांची भाषा आहे; तीत मते ही मालमत्तेसारखी असतात, म्हणूनच ती फुटतात आणि विभागली जातात. दुसऱ्या गटाची भाषा मत देणाऱ्यांचीही आहे. तीत मत हे साधन असते. निकालांची मराठी समीक्षा जवळजवळ सर्वस्वी पहिल्या गटाच्या शब्दांवर चालते, हा तिचा मूलभूत दोष होय.

इंग्रजी राजकीय लेखनात ज्याला टॅक्टिकल व्होटिंग म्हणतात त्याचा आशय थोडक्यात असा : आपला सर्वांत आवडता उमेदवार निवडून येण्याचा संभव नाही असे दिसल्यावर, सर्वांत नावडता उमेदवार येऊ नये म्हणून मधल्या उमेदवाराला मत देणे. ज्याला सर्वाधिक मते तो विजयी, ह्या पद्धतीत असे मतदान का घडते ह्याचे विवेचन फ्रेंच अभ्यासक मोरिस द्यूव्हेर्जे ह्यांनी १९५१ साली राजकीय पक्षांवरील आपल्या ग्रंथात केले. ही पद्धत तिसऱ्या पक्षाला यांत्रिकपणे तर मारतेच, परंतु मतदाराला ते आधीच कळत असल्यामुळे तोही मानसिकदृष्ट्या त्या पक्षाला सोडू लागतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. मराठीत ह्या कल्पनेला 'डावपेची मतदान' किंवा 'व्यूहात्मक मतदान' असे प्रतिशब्द दिले जातात. दोन्ही समाधानकारक नाहीत. 'डावपेच' हा शब्द तालमीतून आलेला असला तरी आज त्याला लबाडीची छटा आहे. 'व्यूह' हा सेनापतीने रचावयाचा असतो, शिपायाने नव्हे. म्हणून येथे 'परिणामलक्षी मतदान' हा शब्द योजिला आहे. आपली निष्ठा किंवा आवड नोंदविण्यासाठी दिलेले मत हे निष्ठादर्शक. निकालावर नजर ठेवून दिलेले मत हे परिणामलक्षी.

अशा मतदानाला प्रथम निवडीला वाव असावा लागतो, आणि पोटनिवडणुकीत तो पुष्कळदा नसतो. सांगली जिल्ह्यातच ह्याची दोन उदाहरणे आहेत. आर. आर. पाटील ह्यांच्या निधनानंतर एप्रिल २०१५ मध्ये तासगाव–कवठेमहांकाळ येथे पोटनिवडणूक झाली. तीत प्रमुख विरोधी पक्षांनी उमेदवार दिले नाहीत आणि श्रीमती सुमन पाटील एक लाखाहून अधिक मताधिक्याने निवडून आल्या. पतंगराव कदम ह्यांच्या निधनानंतर २०१८ मध्ये पलूस–कडेगाव येथे भारतीय जनता पक्षाच्या उमेदवाराने अर्ज मागे घेतला आणि श्री. विश्वजीत कदम बिनविरोध निवडून आले. दिवंगत नेत्याच्या कुटुंबाविषयीचा हा सद्भाव असेल. तथापि त्याचा व्यावहारिक अर्थ असा की निर्णय पक्षांनी आपसांत घेतला, मतदाराला विचारण्याचे कारणच उरले नाही.

ह्या पार्श्वभूमीवर साताऱ्याची पोटनिवडणूक वेगळी ठरते. एप्रिल २०१९ च्या सार्वत्रिक निवडणुकीत राष्ट्रवादी काँग्रेसचे श्री. उदयनराजे भोसले ह्यांना ५,७९,०२६ मते पडली आणि शिवसेनेचे श्री. नरेंद्र पाटील ह्यांना ४,५२,४९८. सप्टेंबरमध्ये श्री. भोसले ह्यांनी खासदारकीचा राजीनामा देऊन भारतीय जनता पक्षात प्रवेश केला. विधानसभेच्या निवडणुकीबरोबरच, २१ ऑक्टोबर २०१९ रोजी, पोटनिवडणुकीचे मतदान झाले. राष्ट्रवादीने सिक्कीमचे माजी राज्यपाल श्री. श्रीनिवास पाटील ह्यांना उभे केले. मतदानापूर्वी तीन दिवस साताऱ्याच्या सभेत भर पावसात बोलताना श्री. शरद पवार ह्यांनी लोकसभेचा उमेदवार निवडताना आपली चूक झाल्याचे सांगितले. निकालात श्री. श्रीनिवास पाटील ह्यांना ६,३६,६२० व श्री. भोसले ह्यांना ५,४८,९०३ मते मिळाली. अंतर ८७,७१७ मतांचे होते.

भाषाशास्त्रात दोन ध्वनी भाषेत खरोखर भिन्न आहेत काय हे ठरविण्यासाठी बाकी सर्व समान आणि एकच ध्वनी वेगळा अशा शब्दांची जोडी शोधतात. ही पोटनिवडणूक म्हणजे जवळजवळ तशीच जोडी होय. मतदारसंघ तोच, अंतर केवळ सहा महिन्यांचे, उमेदवार तोच; बदलले ते त्याचे चिन्ह. घड्याळाचे कमळ झाले. मते व्यक्तीची असतात की पक्षाची, ह्या नेहमीच्या वादाची ह्याहून चांगली कसोटी क्वचितच मिळते.

कसोटीचा निष्कर्ष काय ? मते सर्वस्वी व्यक्तीची असती तर एप्रिलमधील आपल्या मतांना नव्या आघाडीच्या मतांची जोड मिळून श्री. भोसले ह्यांचा विजय प्रचंड व्हावयास हवा होता. एप्रिलमध्ये ह्या दोन बाजूंना मिळून १०,३१,५२४ मते पडली होती, ऑक्टोबरमध्ये श्री. भोसले ह्यांच्या मतांची संख्या त्यांच्या निम्म्याहून थोडीच अधिक भरते. उलटपक्षी मते सर्वस्वी पक्षाची असती तर राष्ट्रवादीचे एप्रिलचे १,२६,५२८ मतांचे आधिक्य टिकावयास हवे होते. ते ३८,८११ ने घटले. म्हणजे पक्षाचा पक्ष अधिक बळकट ठरला, परंतु व्यक्तीही निष्प्रभ नव्हती. दोन्ही बाजूंची मिळून मते ह्या वेळी दीड लाखाहून अधिक वाढली होती, आणि मतदान गुप्त असल्यामुळे कोणते मत कोठून कोठे गेले हे बेरजांवरून सांगता येत नाही, ही मर्यादाही लक्षात ठेवली पाहिजे.

परंतु एक गोष्ट ह्या आकड्यांच्या आधी, केवळ रचनेवरूनच, स्पष्ट होते. एप्रिलमध्ये धनुष्यबाणाला मत देणारे साडेचार लाख मतदार हे एकजिनसी नव्हते. त्यांत युतीचा उमेदवार निवडून आणावा म्हणून मत देणारे होते, तसेच उदयनराजांना पाडावे म्हणून मत देणारेही असणारच. एप्रिलमध्ये ह्या दोन्ही हेतूंचे बटण एकच होते. ऑक्टोबरमध्ये ती दोन बटणे झाली : पहिल्याला आता उदयनराजांनाच मत देणे प्राप्त झाले आणि दुसऱ्याला राष्ट्रवादीला. घड्याळाला मत देणाऱ्यांचीही तीच गत झाली. ज्याला पक्ष हवा होता त्याची आणि ज्याला राजे हवे होते त्याची वाट येथे वेगळी झाली. अशा प्रसंगाला 'मते फुटली' असे म्हणणे म्हणजे जे कधी एकसंध नव्हतेच ते मोडले असे म्हणणे होय. हेतू आधीपासून दोन होते. पोटनिवडणुकीने ते केवळ दृश्य केले.

सांगलीची उदाहरणे ह्याच्या उलट बाजूची आहेत. २०१९ मध्ये तेथे भारतीय जनता पक्षाचे श्री. संजयकाका पाटील ह्यांना ५,०८,९९५ मते मिळाली. स्वाभिमानी पक्षातर्फे लढलेले, वसंतदादा पाटलांचे नातू श्री. विशाल पाटील ह्यांना ३,४४,६४३. आणि वंचित बहुजन आघाडीचे श्री. गोपीचंद पडळकर ह्यांना ३,००,२३४. दोन पराभूतांची बेरीज विजयी उमेदवाराहून १,३५,८८२ ने अधिक होती, आणि म्हणून हे मतविभागणीचे आदर्श उदाहरण म्हणून सांगितले गेले. परंतु बेरीज करण्यापूर्वी त्या राशी एकाच जातीच्या आहेत काय हे पाहावयास हवे. श्री. पडळकर त्याच वर्षी भारतीय जनता पक्षात गेले. त्यांची तीन लाख मते ही विशाल पाटलांची 'फुटलेली' मते होती, असे म्हणण्यास आधार कोणता ? त्या मतदारांनी आपला स्वतंत्र आवाज नोंदविला होता. त्यांचे मत निष्ठादर्शक होते. त्यांना 'मते खाणारे' ठरविणारी भाषा त्यांच्या मतावर दुसऱ्याचा मालकी हक्क गृहीत धरते.

२०२४ मध्ये परिस्थिती बदलली. महाविकास आघाडीत सांगलीची जागा शिवसेनेच्या उद्धव ठाकरे गटाकडे गेली आणि त्या पक्षाने दोनदा महाराष्ट्र केसरी झालेले कुस्तीगीर श्री. चंद्रहार पाटील ह्यांना उमेदवारी दिली. काँग्रेसमधील श्री. विशाल पाटील अपक्ष म्हणून उभे राहिले. आघाडीचा अधिकृत उमेदवार एक आणि बंडखोर दुसरा. सामान्य अनुमान असे की विरोधी मते विभागणार आणि भारतीय जनता पक्षाला त्याचा लाभ होणार. घडले ते असे : श्री. विशाल पाटील ५,७१,६६६, श्री. संजयकाका पाटील ४,७१,६१३, श्री. चंद्रहार पाटील ६०,८६०. अपक्षाचा विजय १,००,०५३ मतांनी झाला.

हे दोन निकाल शेजारी ठेवून पाहावेत. २०१९ मध्ये दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारांची मिळून ६,४४,८७७ मते होती. २०२४ मध्ये अपक्ष व आघाडी ह्यांची मिळून ६,३२,५२६. एकूण राशीत फारसा फरक नाही. फरक आहे तो वाटणीत. गॅरी कॉक्स ह्या अमेरिकी अभ्यासकाने १९९७ च्या आपल्या ग्रंथात एक साधे परिमाण सुचविले आहे : तिसऱ्याच्या मतांना दुसऱ्याच्या मतांनी भागावे. उत्तर एकाच्या जवळ आले तर कोणाला सोडावे हे मतदारांना ठरविता आले नाही असे समजावे. शून्याच्या जवळ आले तर तिसऱ्याला मतदारांनी जाणून सोडले असे समजावे. सांगलीत हा भागाकार २०१९ मध्ये ०.८७ होता, २०२४ मध्ये तो ०.१३ झाला.

द्यूव्हेर्जे ह्यांच्या विवेचनात कोण जिंकू शकतो हे मतदाराला बहुधा पक्षाच्या नावावरून कळते. सांगलीत ती खूण उलट्या दिशेला बोट दाखवीत होती, कारण अधिकृत चिन्ह होते मशाल आणि अपक्षाला मिळाला होता लिफाफा. अर्ज मागे घेण्याच्या मुदतीपासून ७ मेच्या मतदानापर्यंत केवळ पंधरवडा होता. तेवढ्या अवधीत एक अपरिचित चिन्ह पावणेसहा लाख मतदारांपर्यंत पोचले, ह्याचे श्रेय दादांच्या घराण्याच्या जुन्या ऋणानुबंधांना आणि काँग्रेस कार्यकर्त्यांना दिले पाहिजे, तसेच वंचित बहुजन आघाडीने ह्या वेळी अपक्षाला दिलेल्या पाठिंब्यालाही दिले पाहिजे. परंतु चिन्ह कळणे आणि ते निवडणे ह्या दोन क्रिया आहेत. दुसरी मतदाराची आहे.

ह्यात केवळ सांगलीचे वैशिष्ट्य नाही. स्कॉटलंडमधील हॅमिल्टन, लार्कहॉल व स्टोनहाउस ह्या मतदारसंघात ५ जून २०२५ रोजी स्कॉटिश संसदेसाठी पोटनिवडणूक झाली. तेथील सत्ताधारी स्कॉटिश नॅशनल पक्षाचे नेते जॉन स्विनी ह्यांनी, खरी लढत आपला पक्ष आणि रिफॉर्म पक्ष ह्या दोघांतच आहे, असे जाहीरपणे मांडले होते; म्हणजे रिफॉर्म नको असलेल्या मजूर पक्षाच्या मतदारांनी आपल्याकडे यावे, हे त्यातले सूचन. निकालात मजूर पक्ष ८,५५९ मतांनी पहिला आला, नॅशनल पक्ष ७,९५७ मतांनी दुसरा आणि रिफॉर्म ७,०८८ मतांनी तिसरा. 'लढत आमच्यातच' हे वाक्य जगात सर्वत्र वर्णनाच्या रूपात येते आणि आवाहनाचे काम करते. ते वर्णन पटले नाही तर आवाहनही फसते, हे हॅमिल्टनमध्ये आणि सांगलीत सारखेच दिसले.

आता राहिला तिसरा प्रकार, ज्यात मतदाराचा हेतू आणि त्याचे मत ह्यांचीच चुकामूक होते. २०२४ मध्ये साताऱ्यात भारतीय जनता पक्षातर्फे श्री. उदयनराजे भोसले ह्यांना ५,७१,१३४ मते मिळाली आणि राष्ट्रवादी काँग्रेसच्या शरद पवार गटाचे श्री. शशिकांत शिंदे ह्यांना ५,३८,३६३. अंतर ३२,७७१. ह्याच निवडणुकीत एका अपक्षाला ३७,०६२ मते पडली. शिंदे ह्यांचे चिन्ह 'तुतारी वाजवणारा माणूस' हे होते. अपक्षाचे चिन्ह ट्रम्पेट हे पाश्चात्य वाद्य होते, आणि चिन्हांच्या मराठी यादीत त्याचाही उल्लेख 'तुतारी' असा झाला होता. प्रचारात पूर्ण नाव कोण घेतो ? 'तुतारीला मत द्या' एवढेच बोलले जाते. चित्रे दोन आणि नाव एक, अशा स्थितीत बोली भाषेवर विसंबलेल्या मतदाराची दिशाभूल होणे स्वाभाविक होते. नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी मतदारसंघात ह्याच चिन्हावरील अपक्षाला एक लाखाहून अधिक मते पडली, हे लक्षात घेता ह्या संशयाला पुष्टी मिळते.

तरीही 'तुतारीने निकाल फिरवला' हे विधान तपासूनच स्वीकारले पाहिजे. निकाल उलटण्यासाठी त्या अपक्षाच्या दर शंभर मतांपैकी किमान अठ्ठ्याऐंशीहून अधिक मते चुकून पडलेली असावयास हवीत, आणि उरलेल्यांपैकी एकही मत श्री. भोसले ह्यांच्याकडे जाणारे असता कामा नये. हे अशक्य नाही. परंतु केवळ ३७,०६२ हा आकडा ३२,७७१ हून मोठा आहे एवढ्याने ते सिद्धही होत नाही. आणि सिद्ध झाले तरी ती मतविभागणी ठरणार नाही. सांगलीत २०१९ मध्ये मतदारांची पसंती दोन ठिकाणी होती. साताऱ्यात २०२४ मध्ये, आरोप खरा मानल्यास, पसंती एकच होती आणि खूण दोन होत्या. पहिली गोष्ट लोकशाहीत अटळ आहे. दुसरी निष्काळजी भाषांतराने घडते आणि म्हणून टाळता येते. दोहोंना एकच नाव दिले की टाळता येण्याजोग्या दोषाची जबाबदारी कोणावरच राहत नाही.

'पाडणे' ह्या क्रियापदाचा पुरस्कार करताना त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. पाडण्यासाठी दिलेले मत काय नको ते सांगते, काय हवे ते सांगत नाही. अशा मतांवर निवडून आलेला प्रतिनिधी त्यांना आपल्या कार्यक्रमाचा कौल समजू लागला तर तो फसेल. साताऱ्यातील २०१९ चा विजय २०२४ मध्ये त्याच पक्षाच्या एका गटाला टिकविता आला नाही, ह्याची अनेक कारणे असली तरी हेही त्यांतील एक असू शकेल. शिवाय सतत पाडापाडीच्या हिशेबाने मत देणारा समाज नव्या पक्षाला वाढू देत नाही. २०१९ मध्ये सांगलीत वंचित आघाडीला मत देणाऱ्यांनी तो हिशेब नाकारला होता. त्यांना अव्यवहारी म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही.

तेव्हा आक्षेप एखाद्या मतदानप्रकारावर नसून समीक्षेच्या आळशीपणावर आहे. निष्ठा ही कार्यकर्त्याकडून अपेक्षिली जाते, कारण त्याने पक्षाचे सदस्यत्व पत्करलेले असते. मतदाराने तसे काही पत्करलेले नसते; म्हणून 'फितुरी', 'गद्दारी', 'मते खाल्ली' ही भाषा त्याच्या बाबतीत गैरलागू आहे. निकालांचे विवेचन करताना निदान चार गोष्टी पृथक् ठेवाव्यात : पसंती खरोखर दोन असणे, जुन्या एका मतातील दोन हेतू वेगळे होणे, नावडत्याला पाडण्यासाठी मते एकवटणे, आणि चिन्ह ओळखण्यात चूक होणे. साताऱ्याच्या व सांगलीच्या मतदारांनी सहा वर्षांच्या आत ह्या चारही प्रकारांचे नमुने पुढे ठेवले आहेत. त्यांना चार नावे देणे हे मराठीत लिहिणाऱ्यांचे काम आहे, आणि चिन्हांची मराठी नावे ठरविताना दोन वस्तूंना एक नाव न देणे हे निवडणूक यंत्रणेचे.